साकळलेलं

"काका, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा. मला काकूंशी जरा एकांतात बोलायचंय."

डॉक्टर क्षितिजा हे अगदी गोड आवाजात म्हणाली. केसरीनाथ "हां हां" करत उठला, टोपी घ्यायची की बायकोची, राहीबाईची पिशवी घ्यायची हे न कळून नुसती पिशवी घेऊन बाहेर आला, आणि दार मागे लागलं. सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याला बऱ्याच ठिकाणांहून बाहेर काढलेलं होतं. चौथीच्या वर्गातून, एकदा ग्रामपंचायतीच्या सभेतून, आणि भाचीच्या लग्नात तर आचाऱ्याने त्याला चुलाणापासून हात धरून उठवलं होतं, कारण तो मीठ कमी आहे म्हणून तिसऱ्यांदा सांगत होता. त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही. पण बायकोच्या शेजारून त्याला अजून कुणी उठवलं नव्हतं. आणि उठता उठता त्याने एक पाहिलं होतं. त्या डॉक्टर पोरीने राहीबाईचा डावा हात दिव्याखाली घेतला होता आणि दंडावरच्या चार निळ्या डागांवर आपली चार बोटं, न टेकवता, नुसती धरून पाहिली होती. चारही बरोबर बसत होती. पाचवा डाग दंडाच्या मागच्या बाजूला होता, अंगठा येतो तिथे.

बाहेर बाकडं होतं. धामणकर नाक्यावरच्या साड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर हा दवाखाना, आणि मागच्या गल्लीतल्या पॉवरलूमचा आवाज भिंतीतून अंगात शिरत होता. केसरीनाथने पिशवी मांडीवर घेतली. तिच्यात राहीबाईच्या गोळ्या होत्या, गुडघेदुखीवरच्या पावडरीची डबी होती आणि दुपारच्या तीन चपात्या होत्या, कारण राहीबाई कशेळीहून भिवंडीला यायचं म्हणजे परदेशी निघाल्यासारखी तयारी करायची. शेजारी हाताला पट्टी बांधलेला एक लूमवाला मोबाइल बघत बसला होता. त्याने विचारलं, "चाचा, अंदर टाइम लगेगा?"

"लगेगा. घरवाली है अंदर."

"क्या हुआ चाची को?"

"बदन पे नीला नीला पडता है."

"गिर गई थी क्या?"

"नहीं, ऐसेच."

"ऐसेच तो कुछ नहीं होता, चाचा," तो सहज म्हणाला आणि परत मोबाइलमध्ये गेला. त्याच्या मनात काही नव्हतं. केसरीनाथला ते कळत होतं, तरी त्याने पिशवी उगाच दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि मग आपल्याच हातांकडे पाहिलं. मोठे हात. मिठागरात बापाबरोबर वयाच्या बाराव्या वर्षापासून फावडं ओढलेले. मिठागर गेलं, तिथे भराव पडला, गोदामं उभी राहिली, मुलगा भाविक आता त्या गोदामांचं सगळं बघतो आणि केसरीनाथ पांढरा लेंगा घालून कठड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रेलरना वाट कशी काढायची ते सांगतो, कुणी विचारलेलं नसताना. हात मात्र तसेच राहिले. पंधरा वर्षं त्यांनी काही कष्ट केले नाहीत, तरी तळव्याची कातडी काही मऊ व्हायला तयार नव्हती.

पहिला डाग दोन वर्षांपूर्वी आला होता. राहीबाईच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग टाकली, ठाण्याहून घरी आणली, आणि महिन्याभरात एका सकाळी तिच्या मनगटाच्या वर रुपयाएवढं निळं दिसलं. तिला विचारलं तर म्हणाली, कपाटाच्या कडेला लागलं असेल, न्हायतर नसेल. रक्त साकळलंय, केसरीनाथने ठरवून टाकलं. साकळलेल्या रक्तावरचा उपाय त्याला पाठ होता. मिठागरात पाय घसरून बांधावर आपटलं, टोपलीची कड बरगडीत लागली, की बाप संध्याकाळी आंबेहळद तेलात कढवायचा आणि तो डाग असा रगडायचा की लागलेलं बरं आणि रगडणं नको. "साकळलेलं मोडलं पायजे," बाप दात-ओठ खाऊन म्हणायचा, "न्हायतर आत गाठ धरतं." मोडलं पाहिजे. त्या पिढीच्या सगळ्या माणसांचा असा विश्वास होता, की अंगात काही अडून बसलं तर ते जोर लावून हाकलायचं. मिठागरातली माणसं तशीच बरी व्हायची, किंवा बरी झालो म्हणायची, कारण दुसऱ्या दिवशी कामाला जायचंच असायचं. केसरीनाथने वाटीत तेल कढवलं, राहीबाईला ओट्यावर बसवलं आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.

तिथून ते रोजचं झालं. संध्याकाळी गोदामांचे ट्रक मार्गी लागले, आत टीव्हीवर मालिका सुरू झाली, की तो वाटी घेऊन यायचा आणि ती न बोलता हात पुढे करायची. अर्धा तास, कधी पाऊण. आधी मनगट, मग कोपराखाली, मग दंड. तो अंगठ्याने दाबत वर न्यायचा, परत खाली आणायचा. आंबेहळदीचा वास, समोरच्या रस्त्यावरची धूळ, खाडीकडून येणारा ओला वारा. इतकं सुखाचं त्याला आयुष्यात दुसरं काही सुचलं नव्हतं आणि हे सुख आहे हे त्याने स्वतःशीही कबूल केलेलं नव्हतं, कारण औषधोपचारात कसलं सुख. सून उन्नती चहा आणून द्यायची आणि म्हणायची, "मम्मी, तुमचं पार्लर चालू झालं का?" राहीबाई म्हणायची, "फुकटचं हाय, करून घेते." तरुणपणी दिवसाढवळ्या बायकोच्या शेजारी बसायची सोय नव्हती, घर माणसांनी भरलेलं. म्हातारपणी सोय झाली तर बसायला निमित्त लागतं. एक डाग पिवळा पडून जायचा, तर दोन नवे आलेले असायचे. आणि आता बाकड्यावर बसून त्याला जे आठवलं त्याने त्याचे कान गरम झाले. नवा डाग दिसला की त्याला मनातल्या मनात बरं वाटायचं. तो शोधायचा. तिची बाही वर सारून दिव्याच्या उजेडात बघायचा आणि सापडला की म्हणायचा, "हा बघ, हाय अजून एक." जसं काही हरवलेलं मिळालं.

सगळं असंच सुखात चाललं असतं, पण गेल्या आठवड्यात पुतण्याच्या हळदीला राहीबाई मांडवात बायकांमध्ये बसली. चुडेवालीने बांगड्या भरायला तिचा हात ओढला आणि पदर सरकला. केसरीनाथची बहीण काशी समोरच होती. काशीचा आवाज आधीच मोठा, त्यात गाणी थांबलेली. "वयनी, हे काय गो? सून मारते की काय तुला?" बायका हसल्या. चेष्टाच होती. पण उन्नती ताट घेऊन तिथेच उभी होती, आणि तिचं तोंड जे उतरलं ते घरी येईपर्यंत तसंच होतं. त्यानंतर तिने पार्लरची चेष्टा केली नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच फोन करून ही वेळ घेतली, रक्त तपासायला माणूस घरी बोलावला, आणि आज सकाळी केसरीनाथला एवढंच म्हणाली, "पप्पा, डॉक्टरांकडून काय ते लिहून आणा. मला लोकांना दाखवायचं नाही. मला माझ्यासाठी पाहिजे." चांगली पोर. तिच्यावर आळ आला म्हणून केसरीनाथ आठवडाभर काशीवर चिडून होता. पण आळ कुणावर यायला हवा होता, हे त्या चार बोटांनी आत्ता दाखवून दिलं होतं.

आत काय विचारणं चाललं असेल हे सांगायला त्याला कुणी नको होतं. घरात कोणी हात उचलतं का? हेच. टीव्हीवर सांगतात, बाईला एकटीला बसवून विचारायचं. आणि राहीबाई खोटं बोलत नाही. बोलता येत नाही तिला, बाजारात कोळंबीचा भाव सांगतानाही नाही. केसरीनाथने डोळे मिटले आणि त्याला त्रेचाळीस वर्षांपूर्वीचे निवटे दिसले. खाडीच्या चिखलातले मासे, करड्या रंगाचे, परातीत तडफडणारे. परसात लिंबाखाली एकोणीस वर्षांची राहीबाई ते साफ करत बसली होती आणि तो मिठागरातून आला होता, पाय खाऱ्या पाण्याने उललेले. पुढे काहीतरी झालं. काय झालं? तेच आठवत नाही. कधी वाटतं, ती न विचारता माहेरी जाऊन आली म्हणून. कधी वाटतं, आईने काही कान भरले होते. कधी वाटतं, तिने फक्त मान वर करून "आलाव?" म्हटलं नाही, एवढंच. कारण कुठलंही असो, त्याने वाकून तिच्या उजव्या गालावर हात मारला होता. कारण विसरला, पण आवाज लक्षात होता. आणि हेही लक्षात होतं, की तिने गालाला हात लावला नाही, कारण हाताला निवट्यांचा चिकटा होता. तिने निवटे साफ केले. कालवण केलं. वाढलं. आणि तो जेवला. इतक्या वर्षांत त्याला सगळ्यात जास्त लाज कसली वाटली असेल, तर त्या जेवणाची. दोनदा भात घेतला होता.

गाल आठ दिवस निळा होता. मग हिरवा, मग पिवळा. आईने शेजाऱ्यांना सांगितलं, दाराची चौकट लागली. बाकड्यावर बसल्या बसल्या केसरीनाथला आज पहिल्यांदाच एक गोष्ट कळली आणि त्याला लूमचा आवाज ऐकू येईनासा झाला. आता राहीबाईला कपाटाची कड लागली तरी निळं पडतं. पण तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. डोक्यावर दोन हंडे घेऊन बांधावरून चालणारी, लाकडाची मोळी लागली तरी अंगावर ओरखडासुद्धा न उठणारी. ती कातडी निळी पडायला मारणाऱ्याला केवढा जोर लावावा लागला असेल. हे त्याने कधी मोजलं नव्हतं. एक थप्पड, तीही एकदाच, त्यानंतर कानाला खडा, कधी बोट लावलं नाही, असं तो स्वतःला सांगत आला होता. लोक तर रोज मारायचे. त्याने एकदाच. पण त्या एकदाच्यात काय काय होतं ते आज डॉक्टरच्या दाराबाहेर कळलं. आणि कधी बोलणं झालं नाही. ना त्याने विषय काढला, ना तिने. दोन मुलं झाली, एक गेलं, भाविक राहिला, मिठागर विकलं, आई वारली, स्प्रिंग टाकली, सगळ्यावर बोलणं झालं. त्याला तर पुष्कळदा वाटायचं की ती विसरली. आता आत तिने "न्हाय, माझ्यावर कुनी कधी हात न्हाय उचलला" असं सांगितलं, तर ती खरंच विसरलीये आणि तो सुटला. आणि "हो" म्हणाली तर? केसरीनाथला नवल याचं वाटलं, की तिने "नाही" म्हणावं असं त्याला मनापासून वाटत नव्हतं. ती विसरली असेल, तर ते दुपारचं परस, तो लिंब, तो गाल, सगळं त्याच्या एकट्याच्या गळ्यात येणार होतं.

दार उघडलं. "या काका."

राहीबाई पदर सावरून बसली होती आणि छताच्या पंख्याकडे बघत होती. केसरीनाथ खुर्चीच्या कडेवर टेकला. डॉक्टर क्षितिजाने रक्ताचा कागद त्याच्यापुढे सरकवला, जणू तो वाचणार होता. "घाबरू नका. प्लेटलेट चांगल्या आहेत, लिव्हर चांगलं आहे, मोठा आजार काही नाही. वय झालं की कातडी पातळ होते, खालची गादी झिजते, मग जरा काही लागलं की आतली बारीक नळी फुटते. त्यात काकूंना रक्त पातळ ठेवायची गोळी आहे, म्हणून रक्त लवकर थांबत नाही. ती गोळी मनाने बंद करायची नाही, कोणी काहीही सांगू दे. आणि ही पावडर कुठली?"

"शेलार गावात एक जन देतो," केसरीनाथ म्हणाला. "गुडघ्याला लय गुन आला."

"गुण येणारच. बहुतेक यात स्टिरॉइड आहे, त्यानेही कातडी आणखी पातळ होते. डबी ठेवून जा, तपासून घेऊ. एकदम तोडायची नाही, मी सांगते तशी कमी करायची." तिने काहीतरी लिहिलं. मग पेन ठेवलं. "आणि हळदीचं तेल कोण चोळतं?"

"मी."

"किती वेळ? कसं, दाखवा बरं."

केसरीनाथने टेबलाची कड दोन्ही हातांत धरली आणि अंगठा दाबून पुढे नेला. पेनांचा डबा हलला. डॉक्टर क्षितिजाने त्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम सैल झाला. इतका वेळ तो ताणलेला होता हे त्याला तेव्हा कळलं.

"काका, एवढ्या जोराने?"

"साकळलेलं मोडाया पायजे ना."

"नाही मोडायचं. ते आपोआप जिरतं, पंधरा दिवसांत. तुम्ही एक नळी फुटलेली रगडता आणि शेजारच्या आणखी दोन फोडता."

"म्हंजे हे समदं मी केलं?"

"सगळं नाही. पण दंडावरचं तुमचंच आहे." ती हसली. "उद्यापासून बंद. काही करायचं नाही. थांबायचं फक्त."

जिना उतरताना राहीबाईने कठडा धरला, आणि केसरीनाथ दोन पायऱ्या मागून आपले हात कुठे ठेवावेत या विचारात उतरला. नाक्यावर नेहमीची कोंडी होती. कशेळीच्या शेअर रिक्षात मागे ते दोघंच बसले, चालक तिसरी सीट मिळेपर्यंत बाहेर उभा राहून ओरडत होता. पिशवी मध्ये होती.

"दुखायचं तुला?" त्याने विचारलं.

"दुखायचं की."

"दोन वर्सं? मग बोललीस का न्हाय?"

"तुमी तेवढा वेळ गप बसायचे," राहीबाई म्हणाली. "बाकी दिवसभर बडबड. आन् तुमाला बरं वाटायचं. मना दिसायचं ना."

एक ट्रेलर खेटून गेला आणि रिक्षा हादरली. मग त्याने जे विचारायचं होतं ते विचारलं. "आत काय इचारलं तिनं?"

"कुनी हात उचलतं काय, ते."

"मग?"

"सांगितलं, उचललाय. एकदा. निवटे साफ करत व्हते." तिने पदराने चष्मा पुसला. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं ती सांगत होती. "ती लिवायला लागली. मी म्हटलं, लिवू नको, त्रेचाळीस वर्सं झाली. तर इचारते कशी, माफ केलंत का त्यांना? मी म्हटलं, त्यांनी कवा मागितलीच न्हाय."

चालकाने एका कॉलेजातल्या मुलीला आणून शेजारी बसवलं, राहीबाई मधे सरकली, पिशवी त्याच्या मांडीवर आली, रिक्षा सुरू झाली. हे काही बोलायचं ठिकाण नव्हतं. घरी गेल्यावर बोलू, ओट्यावर बसून, असं त्याने ठरवलंही. पण ओट्यावर गेली दोन वर्षं तो रोज बसला होता, तिचा हात हातात घेऊन, आणि तोंडातून शब्द निघाला नव्हता. तो अंगठ्याने बोलत राहिला होता आणि तिच्या नळ्या फोडत राहिला होता.

"राही," तो म्हणाला. लग्न झाल्यापासून त्याने तिला नावाने पाचदासुद्धा हाक मारली नसेल. रिक्षाच्या आवाजावर आवाज चढवावा लागला, म्हणून ते फार मोठ्याने आलं. "मी तुला मारलं व्हतं. लय जोरात मारलं व्हतं. चुकलं माझं."

कॉलेजातल्या मुलीने कानातला इअरफोन काढून त्याच्याकडे पाहिलं. चालकाने आरशातून पाहिलं. राहीबाईने कुणाकडेच पाहिलं नाही.

"मना म्हायती हाय," ती म्हणाली. "मीच तर व्हते तिथं."

मग ती हसायला लागली, आवाज न करता, नुसती पोट हलवत, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ते पुसायला तिने पदर शोधला तर तो त्याच्या मांडीखाली अडकलेला होता. त्याने घाईने उठून तो सोडवला आणि डोकं रिक्षाच्या टपाला आपटलं. "बसा खाली," ती म्हणाली, "आता तुमाला टेंगूळ आलं तर मी न्हाय चोळनार." त्याला हसू आलं नाही. त्याच्या छातीतून मात्र काहीतरी हलून मोकळं झालं होतं. अंजूरफाटा मागे पडला, गोदामांची रांग सुरू झाली.

"मग आता संध्याकाळचं काय करनार तुमी?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"काय म्हायती."

"नुसते बसा," राहीबाई म्हणाली. "मी हाय ना बाजूला."